बाराशेचे आठशे

१

पंचाक्षरी आप्पांचे चारशे शेअर गायब झाले होते. आजच्या भावाने साडेआठ लाखांचा माल. कपाट फुटलं नव्हतं, कुलूप तुटलं नव्हतं, आणि चोर मात्र घरच्यांनी आधीच ठरवून टाकला होता.

लातूरच्या मार्केट यार्डातली आप्पांची तुरीची आडत सगळ्यांना माहीत. अशा घरातली गोष्ट बाहेर फुटू नये म्हणून सगळे तोंडाला कुलूप लावून बसलेले. फुटली ती मुनीम सिद्धरामकडून. नांदेडच्या तनुजाताईंना त्यानेच फोन केला, तोही यार्डाबाहेरच्या चहाच्या टपरीवर जाऊन.

तनुजा मूळची उमरीकडची, शेतकऱ्याची लेक. दहा वर्षं सहकारी संस्थांचे हिशेब तपासले, मग नोकरी सोडून वजिराबादेत दोन खोल्यांचं ऑफिस थाटलं. दारावरच्या पाटीवर करसल्लागार असं लिहिलेलं होतं. पण ज्यांच्या घरात पैशाचा घोळ व्हायचा आणि पोलिसात जायची लाज वाटायची, ती माणसं पाटी न वाचताच आत यायची. घोळ जितका मोठा तितकी या बाईला भूक जास्त लागायची. शनिवारी सकाळी नांदेडहून लातूरच्या एसटीत बसली तेव्हा लोह्यालाच तिचा डबा संपला होता.

अकरा वाजता ती आप्पांच्या दुकानात पोचली. सिद्धराम साठीचा, अंगात पांढरा सदरा, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. तिला बघून तो उठला, पण बोलायच्या आतच चाकूरचा एक टेम्पो दारात येऊन थांबला. त्याने वही उघडली आणि लिहिलं : चाकूर, तूर, बेचाळीस कट्टे. हमालांनी ती पोती काट्यावर चढवली. वजन झालं तसं त्याने त्याच मालाची खाली दुसरी नोंद केली आणि वरच्या नोंदीवर तांबड्या पेन्सिलीने आडवी रेघ मारली.

एकाच मालाच्या दोन नोंदी कशाला, असं तनुजाने सहज विचारलं. सिद्धरामला आपल्या कामाबद्दल कुणी विचारलेलं फार आवडायचं. माल दारात आला की कच्ची नोंद, काट्यावर चढला की पक्की, आणि पक्की झाली की कच्ची मारायची, असं त्याने समजावून सांगितलं. चाळीस वर्षांत एक कट्टा इकडचा तिकडे झाला नव्हता.

मग त्याने आवाज खाली आणला. आप्पांचा थोरला मुलगा पाच वर्षांपूर्वी वारला. त्याची एकुलती एक मुलगी सृष्टी, पंचवीस वर्षांची. आप्पांनी तिला दुकानात भागीदार करायचं ठरवलं होतं. या घराण्यात आजवर एकाही पोरीचं नाव दुकानाच्या कागदावर चढलेलं नव्हतं. कागद तयार होते, वकील संध्याकाळी पाचला येणार होते. आणि नऊ दिवसांपूर्वी हे चारशे शेअर कमी भरले.

"ताई, आप्पांच्या शेअर खात्याचा पासवर्ड तिच्यापाशी होता, म्हणून चोर तीच म्हणून राहिलेत समदे," सिद्धराम म्हणाला. "खांद्यावर खेळवलंय मी त्या लेकराला. चोर धरून द्या. तुमची फी माझ्या पगारातून देतो. पाच वाजता तिचं नाव कटतंय."

तनुजाने घड्याळ बघितलं. सहा तास होते, आणि तिला पुन्हा भूक लागली होती.

२

आप्पांचा धाकटा मुलगा राजशेखर आतल्या गादीवर बसला होता. दुकान तोच बघायचा. बावन्न वर्षांचा, गोड बोलणारा, समोरच्याला आधी पाणी देणारा माणूस. सिद्धरामने परस्पर बाई बोलावली हे त्याला आवडलं नव्हतं, पण चेहऱ्यावर त्याने काही दिसू दिलं नाही. उलट म्हणाला, बरं झालं, तुम्हीच एकदा आप्पांना समजावून सांगा, म्हणजे घरातला त्रास मिटेल.

त्याने सगळं नीट मांडून सांगितलं. आप्पांनी वीस वर्षांत थोडे थोडे करून पंप बनवणाऱ्या एका कंपनीचे शेअर घेतले होते. कधी वीस, कधी पस्तीस, कधी पन्नास, हाताशी पैसे असतील तसे. सव्वा वर्षापूर्वी त्या कंपनीने नेहमीच्या लाभांशाशिवाय वर आणखी शेअर दिले. एकास एक बोनस, म्हणजे ज्याच्याकडे जेवढे असतील तेवढेच आणखी फुकट.

"सहाशे होते, बाराशे झाले," राजशेखर म्हणाला. "भागीदारीच्या कागदासाठी मी डिमॅट खात्याचा उतारा काढला. त्यात आठशे. शाळेतल्या पोरालाबी जमंल असा हिशेब हाय, ताई."

पुरावा म्हणून त्याने एक छापील कागद पुढे केला. घरच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून काढलेला. वर कंपनीचं नाव, त्याखाली शिल्लक शेअर बाराशे, आजची किंमत, आणि तळाला बारीक अक्षरात छापल्याची तारीख व पान १/२. तनुजाने तो पुढून मागून बघितला, मागची बाजू कोरी होती. घडी करून तिने तो पर्समध्ये टाकला.

कॉम्प्युटर बघायला मागितला तेव्हा मात्र राजशेखरचा गोडवा जरा आटला. कॉम्प्युटर पुरावा आहे म्हणून त्याने तो लोखंडी कपाटात कुलूपबंद करून ठेवला होता. सह्या झाल्यावर काय बघायचं ते बघा, म्हणाला. डिमॅटचा पासवर्डही त्याने बदलून घेतला होता. तनुजाने शेअर दलालाच्या ऑफिसात फोन लावून जुने उतारे मागितले, तर खातेदाराच्या सहीचा अर्ज द्या आणि चार दिवस थांबा, असं उत्तर मिळालं. चार दिवस तिच्याकडे नव्हते. तिच्याकडे साडेपाच तास होते.

इथंच घोडं पेंड खात होतं. ज्या दोन ठिकाणी खरं खोटं कळलं असतं, त्या दोन्हींच्या किल्ल्या एकाच माणसाकडे होत्या. पण किल्ली जवळ ठेवली म्हणून माणूस चोर ठरत नाही. आणि राजशेखर तिला ताकास तूर लागू देत नव्हता.

ती उठली तेव्हा तो मागून सावकाश म्हणाला, "अजून एक सांगतो. बाराशे हायत, हे आम्ही न्हाई म्हणलो. दिवाळीच्या पाडव्याला आप्पांनी विचारलं, किती झाले. तवा सृष्टीनंच सांगितलं, बाराशे. आपल्या तोंडानं."

३

दुकानाच्या मागे दुमजली घर होतं. सृष्टी वरच्या खोलीत होती. नऊ दिवस झाले, दुकानात पाय ठेवायचा नाही असं तिला सांगण्यात आलं होतं. रडून झालेलं दिसत होतं, पण आता ती नुसती चिडलेली होती, आणि तनुजाला रडणाऱ्या माणसांपेक्षा चिडलेली माणसं बरी वाटायची. चिडलेल्यांना तारखा आठवतात.

बाराशे मीच सांगितलं, हे तिने लगेच कबूल केलं. स्क्रीनवर दिसलं ते वाचलं. आप्पा तेव्हा केवढे खूश झाले होते, हेही तिने सांगितलं. आता तिचंच डोकं चालेनासं झालं होतं. बाराशे होते, आठशे राहिले, मधले चारशे गेले कुठे? तिला स्वतःलाच आता चोरी झाली असं वाटायला लागलं होतं. फक्त ती आपण केलेली नाही, एवढंच तिला माहीत होतं.

तनुजाने सॉफ्टवेअरबद्दल विचारलं. दोन दिवाळ्यांपूर्वी, नांदेडचं कॉलेज संपवून आल्यावर, सृष्टीनेच ते बसवलं होतं. घरखर्च, विमा, लाईटबिल हे सगळं ती भरायची. शेअरचं मात्र सिद्धरामकडे होतं, कारण जुन्या वहीतल्या नोंदी त्याच्या हातच्या. खरेदी, लाभांश, बोनस, सगळं तोच टाकायचा. जुनी वही पुढे रद्दीत गेली.

"सिद्धरामकाकांना कॉम्प्युटर जमतो?" तनुजाने विचारलं.

सृष्टीच्या चेहऱ्यावर नऊ दिवसांत पहिल्यांदा हसू आलं असावं. सुरुवातीला काकांनी घोटाळा केला होता, एक नोंद पुसायला गेले आणि आख्खा महिना उडवून बसले. तेव्हापासून तिने त्यांना बजावून ठेवलं होतं, काहीही होऊ द्या, डिलीटच्या बटणाला हात लावायचा नाही. काकांनी ते इमानाने पाळलं होतं.

तेवढ्यात दारात एक तरुण येऊन उभा राहिला. हातात दोन ताटल्या, त्यात भाकरी आणि वरण्याची उसळ. हा राजशेखरचा मुलगा मन्मथ. पुण्यात नोकरीला होता, वडिलांनी तातडीने बोलावलं म्हणून पंधरा दिवसांची रजा काढून आलेला. सृष्टीचं नाव कटलं तर कागदावर कुणाचं चढणार, हे तनुजाने विचारायच्या आत त्यानेच सांगून टाकलं. त्याचंच.

तनुजाने भाकरी मोडली आणि त्याच्याकडे नीट बघून घेतलं. ज्याचा फायदा त्याच्यावर नजर ठेवायची, हा तिचा जुना शिरस्ता. पण या पोराला फायदा नकोसा दिसत होता. त्याला आडत नको होती, तुरीच्या धुळीने त्याला शिंका यायच्या, आणि बहिणीकडे बघताना त्याची मान खाली जात होती. तो हिशेबाचा कागद कुणी छापला, असं विचारल्यावर तो म्हणाला, मीच. बाबांनी सांगितलं, मी सगळं काढून दिलं, पुढचं मला काही माहीत नाही.

सगळं म्हणजे काय, हे विचारायचं तनुजाच्या ओठावर आलं होतं. पण तिच्या डोक्यात त्याच क्षणी दुसरंच काहीतरी चमकून गेलं. कॉम्प्युटर कपाटात होता, डिमॅट बंद होतं. पण शेअरचा हिशेब ठेवणारा तिसरा एक साक्षीदार होता आणि त्याला कुलूप लावायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

"आप्पांचं बँकेचं पासबुक कुठाय?" तिने विचारलं.

"आप्पांच्या उशाशी," सृष्टी म्हणाली. "पण नऊ दिवस झाले, आप्पा कुणाशीच बोलत न्हाईत."

४

आप्पा एकोणऐंशीचे. खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, गळ्यात इष्टलिंग, मांडीवर शाल. तनुजाने नमस्कार केला, नाव सांगितलं, काम सांगितलं. शेअर गेले त्याचं दुःख नाही, असं मग त्यांनी सावकाश सांगितलं. थोरला गेला तेव्हापासून या पोरीकडे बघून आपण दिवस काढले, आणि आता तिच्याकडे बघवत नाही, याचं आहे.

पासबुक त्यांनी न विचारता दिलं.

तनुजा तिथेच खाली सतरंजीवर बसली. ती कंपनी दरवर्षी जुलैत पैशातला लाभांश द्यायची. एका शेअरला किती रुपये, हे कंपनी जाहीर करते, आणि ते आकडे कुणालाही मोबाईलवर मिळतात. आणि बँकेत जमा होणारी रक्कम म्हणजे शेअर गुणिले दर. दर माहीत असला की भागाकार करायचा, त्या दिवशी हातात किती शेअर होते ते कळतं. सॉफ्टवेअरमध्ये माणूस काहीही लिहील. कंपनी नसलेल्या शेअरवर एक पैसा देत नाही.

तिने मागच्या जुलैचं पान काढलं. जमा सात हजार दोनशे. दर नऊ रुपये. आठशे शेअर.

त्याच्या आधीचा जुलै. बोनस मिळायच्या पाच महिने आधीचा. जमा तीन हजार सहाशे. दर तोच, नऊ.

तिने भागाकार मोबाईलवर केला, मग कागदावर केला, मग बोटांवर केला. दहा वर्षं हिशेब तपासले तरी या क्षणाची तिला सवय झाली नव्हती, आणि व्हावी असं तिला वाटतही नव्हतं. नऊ चोक छत्तीस. चारशे.

बोनसच्या आधी आप्पांकडे सहाशे शेअर नव्हतेच. चारशे होते. चारशेवर एकास एक म्हणजे आठशे. आणि डिमॅटमध्ये आठशेच होते. एकही शेअर कुठे गेला नव्हता.

"आप्पा," ती उठून उभीच राहिली, "तुमच्या घरात चोरीच झाली न्हाई."

तिने आकडे पुढे ठेवून एकेक समजावलं. आप्पा आडत्या माणूस, पोतं न उघडता वजन सांगणारा, त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

"असं कसं, ताई." दारात राजशेखर उभा होता. कधीपासून ऐकत होता कोण जाणे. "बोनसच्या आधी चारशे होते, हे मान्य. पण त्याच्याबी आधी सहाशे असतील. पासवर्ड सृष्टीपाशी तवाबी होता. दोनशे तिनं आधीच काढले असतील, म्हणून बोनसबी कमी आला. दोनशे हे आन् दोनशे ते. झाले की चारशे."

आप्पांचा चेहरा पुन्हा पडला. तनुजाच्याही पायाखालची वाळू सरकली, कारण बोलणं बिनतोड होतं. गोड माणूस, पण डोकं तल्लख होतं.

ती परत खाली बसली आणि पासबुकाचं आणखी एक पान मागे गेली. त्याच्याही आधीचा जुलै. जमा तीन हजार दोनशे. त्या वर्षीचा दर आठ रुपये.

"आठ चोक बत्तीस," ती म्हणाली. "तेव्हाबी चारशेच. राजशेखरअण्णा, त्या जुलैत सृष्टी नांदेडच्या होस्टेलवर होती. घरात ते सॉफ्टवेअर नव्हतं आणि पासवर्डबी तिच्यापाशी नव्हता."

राजशेखर जायला वळला. पण जाता जाता दारातूनच म्हणाला, मग कॉम्प्युटरात बाराशे कुठून आले, ते पाच वाजता सगळ्यांसमोर सांगा. ते सांगता आलं नाही तर लोक म्हणतील, आकडे फिरवून बाईने पोरीला सोडवलं.

तनुजा पासबुक मिटून खिडकीपाशी गेली. खाली दुकानासमोर टेम्पो थांबल्याचा आवाज आला. सिद्धरामचा आवाज खिडकीतून वर आला : रेणापूर, तूर, तीस कट्टे. थोड्या वेळाने काट्याचा खडखडाट, आणि पुन्हा तोच आवाज, तोच माल, तेच तीस कट्टे.

तनुजाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पण या वेळी तिला आनंद झाला नाही. बाराशे कुठून आले ते तिला कळलं होतं, आणि ज्याने ते आणले त्याच्याच पगारातून तिची फी येणार होती.

५

पाच वाजता सगळे बैठकीत जमले. वकील कागद घेऊन आले होते. आप्पा मधल्या खुर्चीवर, एका बाजूला राजशेखर, मन्मथ भिंतीला टेकून उभा, सृष्टी दारापाशी. सिद्धराम नेहमीसारखा उंबऱ्याजवळ खाली बसला होता. तनुजाने त्याला खुर्चीवर बसायला लावलं.

पासबुकाचा हिशेब तिने पुन्हा सगळ्यांना सांगितला. तीन वर्षांचे जुलै, तीन रकमा. चारशे, चारशे, मग आठशे. वकिलांनी मान हलवली.

"आता बाराशेचं," ती म्हणाली आणि सिद्धरामकडे वळली. काळजावर दगड ठेवून तिने विचारलं, "काका, बोनसची खबर आली तेव्हा तुम्ही काय केलं, ते जरा सांगा."

सिद्धराम खुशीत सांगायला लागला; नऊ दिवसांत हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. मागच्याच्या मागच्या येळवशीची गोष्ट. येळवस म्हणजे लातूरकडे सगळं गाव शेतात जेवायला जातं तो दिवस, सिद्धरामच्या सगळ्या तारखा त्याच्या आगेमागेच असायच्या. येळवशीच्या तीन दिवस आधी कंपनीचं पत्र आलं, चारशे शेअर मिळणार म्हणून. "तवाच लिहून टाकलं कॉम्प्युटरात. खरेदीच्या खान्यात, चारशे, भाव शून्य."

"मग?"

"मग येळवस झाली. दुसऱ्या दिशी शेअर खात्यात आले. आले म्हणून लिहिले. बोनसच्या खान्यात, चारशे."

"आणि पहिली नोंद?"

"ती कच्ची की. पक्की झाल्यावर कच्ची मारा—" सिद्धराम थांबला.

त्याने स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं, ज्या हाताने तो चाळीस वर्षं तांबडी रेघ मारत आला होता. कॉम्प्युटरात तांबडी पेन्सिल चालत नाही. पुसायची तर बटण दाबावं लागतं, आणि त्या बटणाला हात लावणार नाही असा शब्द त्याने दिला होता. वहीत जी नोंद मेलेली असते, ती यंत्राने जिवंत धरून बेरजेत घेतली. चारशे मूळचे, चारशे माल दारात आला म्हणून, चारशे तोच माल काट्यावर चढला म्हणून.

"माझ्या हातानं झालं," तो म्हणाला. "लेकराच्या गळ्यात मी धोंडा बांधला. आप्पा, उद्यापास्नं मी येत न्हाई."

सृष्टी दारातून सरळ आत आली आणि त्याच्या खुर्चीपाशी खाली बसली. डिलीट करू नका असं मीच सांगितलं होतं, म्हणाली. पत्र आल्यावर लिहायचं नाही, शेअर आल्यावर लिहायचं, हे शिकवायला मी विसरले. अर्धी चूक माझी आहे, मग मीही उद्यापासून यायचं नाही का, असं तिने विचारलं. सिद्धरामने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

राजशेखरने मोठा श्वास सोडला. चला, म्हणाला, चूक होती तर चूक, माझ्या मनातलं ओझं उतरलं. आणि तो वकिलांच्या कागदाकडे वळला.

"अजून एक राहिलंय, अण्णा," तनुजा म्हणाली.

तिने पर्समधून तो छापील कागद काढला आणि आप्पांच्या हातात दिला. तळाला बोट ठेवलं. पान एक, दोनपैकी. पहिल्या पानावर नुसती शिल्लक होती. दुसऱ्या पानावर ती शिल्लक कशी झाली ते असतं : एकेक खरेदी, तारखा, आणि येळवशीच्या अलीकडे पलीकडे लागोपाठ लिहिलेले दोन चारशे. ज्याने ते पान बघितलं असेल त्याला चोरी झाली नाही हे नऊ दिवसांपूर्वीच कळलं असणार. मग दुसरं पान गेलं कुठं?

राजशेखर म्हणाला, एकच पान निघालं होतं. प्रिंटरचं काही सांगता येत नाही, कधी कागद अडकतो, कधी शाई संपते.

तनुजाने मन्मथकडे बघितलं नाही. मुद्दामच नाही. ही गोष्ट कुणी न विचारता त्याने आपणहून सांगायला हवी होती. भिंतीला टेकलेला तो पोरगा सरळ उभा राहिला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"दोन पानं निघाली होती, बाबा," तो म्हणाला. "दोन्ही मी तुमच्या हातात दिली. दुसरं वाचून तुम्ही घडी करून खिशात घातलं. मला वाटलं, तुम्ही आप्पांना दाखवलं असंल."

६

राजशेखरने नाकारलं नाही. नाकारायचं असतं तर मुलाला खोटं पाडावं लागलं असतं, आणि तेवढा वाईट तो नव्हता. ज्याच्यासाठी हे केलं तोच साक्षीला उभा राहिला होता. मन्मथ पुण्याहून परत यावा, वीस वर्षं आपण सांभाळलेली गादी त्याच्याकडे जावी, एवढंच मनात होतं, असं तो खाली बघत म्हणाला. आपण काही चोरलं नाही. खोटंही फारसं बोललो नाही. नुसतं एक पान दाखवलं नाही.

आप्पांनी हातातला कागद घडी करून मांडीवर ठेवला. "तुझं माझं मागून बघू," एवढंच म्हणाले.

मग त्यांनी वकिलांना खूण केली. वकिलांनी कागद सृष्टीपुढे ठेवला, सहीची जागा दाखवली, पेनचं टोपण काढलं. सिद्धराम डोळे पुसत होता, मन्मथच्या चेहऱ्यावर रंग परत येत होता. तनुजालाही वाटलं, झालं, आता शेवटची एसटी मिळेल.

सृष्टीने पेन घेतलं नाही.

"आप्पा, नऊ दिवस झाले," ती म्हणाली. "तुम्ही कागद बघितला. कपाटाला कुलूप लावू दिलं. मला दुकानातून काढू दिलं. पण सृष्टी, तू घेतलेस का, असं मला या घरात एकानंबी विचारलं न्हाई."

"आता कशाला, बाळा," आप्पा म्हणाले. "आता तर समदं कळलं."

"कळलं म्हणून सही न्हाई करायची मला. तुम्ही विचारा."

वकील घड्याळाकडे बघायला लागले. आप्पांनी खुर्चीच्या दोन्ही हातांवर भार दिला आणि ते उठले. मन्मथ धरायला पुढे झाला, त्याला त्यांनी हातानेच थांबवलं. नातीसमोर येऊन ते उभे राहिले.

"सृष्टी, माझ्या शेअरला तू हात लावलास का गं?"

"न्हाई, आप्पा."

"बरं," आप्पा म्हणाले, आणि टेबलावरचं पेन उचलून त्यांनी स्वतः तिच्या हातात दिलं.